कारणाचा रकाना

माझी नणंद चौतीस वर्षं खोट्या हाका मारण्याची नोकरी करत होती. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा नाही. बिनतारी चालणारी जी जी यंत्रं असतात, ती बाजारात जाण्याआधी कुणीतरी त्यांना अगदी बारीक हाक मारून बघायची असते, की बाबा रे, एवढ्या हळू बोललं तर ऐकू येतंय का? खऱ्या मनोऱ्यावरची हाक त्यासाठी चालत नाही. ती आज जोरात येते, उद्या ढग आले की दबते. म्हणून प्रयोगशाळेत सिग्नल जनरेटर नावाचं एक यंत्र असतं. ते हवी तेवढीच, हवी तशी नकली हाक तयार करतं. माझी नणंद त्या यंत्रासमोर बसायची. पत्र्याचं जाड दार असलेली, एकही खिडकी नसलेली खोली, बाहेरचा कुठलाच सिग्नल आत येऊ नये म्हणून. पूर्वी, घरच्यांना आत सोडायचे तेव्हा, मी एकदा आत गेले होते. पाच मिनिटांत माझं डोकं उठलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. मला भेट आलेलं टेबलावरचं घड्याळ तिनं उचललं, भिंतीवरच्या घड्याळासमोर ठेवलं आणि तासभर मांडी घालून बसली. मग भर पाहुण्यांत म्हणाली, "वहिनी, तुझं घड्याळ तासाला चार सेकंद पुढे पळतंय." सासूबाईंनी तिला डोळे वटारले. घड्याळ खरंच पळत होतं. मी तिला त्या दिवशी चेष्टेनं "वन्सं" म्हणाले, तेच कायमचं चिकटलं. सोळा वर्षांनी लहान असलेल्या पोरीला वन्संही म्हणायचं आणि अगं-तुगंही करायचं, असा आमचा कारभार.

लग्न तिनं केलं नाही. का, ते मला विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "जाऊ दे ना, वहिनी, आता कुठे सगळं परत काढत बसू." त्यानंतर मी काढलं नाही. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा दूर असतो आणि रविवारी फोन करून मी औषधं घेतली का ते विचारतो. घरात आम्ही दोघी. वर ती, खाली मी, स्वयंपाकघर एक.

मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. डेसिबल कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं आणि फारशी उत्सुकताही नव्हती. जे कळलं ते भांडी घासताना कळलं. आमच्याकडे मी घासते, ती पुसते. एका संध्याकाळी ती फारच गप्प होती म्हणून मीच म्हटलं, सांग बाई काहीतरी, तुझ्या त्या यंत्राचं सांग हवं तर.

"काय सांगू? हाक मी तयार करत नाही. ती दुसऱ्या एका पेटीत भरलेली असते. नुसते आकडे. पेटीतून एक जाड करडी केबल निघते आणि जनरेटरच्या पाठीत जाते. मग जनरेटरला चार गोष्टी सांगायच्या. एक, आज तू स्वतःचं डोकं चालवू नकोस, बाहेरून येतंय ते घे."

"हे मी तुझ्या दादाला तीस वर्षं सांगत होते."

"दोन, कुठल्या सॉकेटातून येतंय ते. तीन, आकडे किती वेगानं येणार ते."

"आणि वेग चुकला तर?"

तिनं हातातलं फडकं वर धरलं. "तू भराभर घासत सुटलीस तर?"

"ढीग लागेल."

"आणि रेंगाळलीस तर मी रिकाम्या हातानं तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहीन. त्यांचंही तेच. ढीग लागला की आकडे सांडतात, हात रिकामे राहिले की हाकेत भोकं पडतात. म्हणून दोन्ही यंत्रांना एकाच घड्याळावर बांधायचं. त्याला वेगळी वायर असते."

"चौथी गोष्ट?"

"पातळी. आकड्यांत जोर किती आहे ते आकड्यांना कळत नाही. सरासरी किती, सगळ्यात मोठा किती, हे जनरेटरला कळलं तरच तो बाहेर मोजून तेवढी हाक देणार. हातानं भरता येतं, नाहीतर बटण आहे. ऑटो लेव्हल. दाबलं की तो सोळा सेकंद स्वतः ऐकतो आणि ठरवतो."

"मग सोपंच की."

"सोपंच आहे. फक्त पेटी बोलत असताना दाबायचं. गप्प असताना दाबलं तर... समज, तू दादाला झोपलेला बघून ठरवलंस की हा माणूस कमी बोलतो. तसं."

"तुझा दादा जागेपणीही कमीच बोलायचा."

त्यावर ती हसली. ती हसली की खोकते. खोकून झाल्यावर म्हणाली, "आमची नवी पेटी सुरू केल्यावर आधी बारा सेकंद गप्प असते. मग बोलते ती बोलतच राहते. म्हणून मी वीस मोजते आणि मगच बटण दाबते."

एवढं विज्ञान या गोष्टीला पुरे आहे. मलाही एवढंच येतं.

हे झालं त्याच्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्याकडे तपासनीस आला. तो दर दोन वर्षांनी येतो. प्रयोगशाळा जे काम करते ते कागदावर लिहिल्याप्रमाणे करते की नाही, हे बघायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक चाचणीचा एक कागद असतो, त्यावर पायऱ्या. कागदावर आहे ते करायचं, कागदावर नाही ते करायचं नाही. वन्सं चाचणी लावत होती आणि तो तिच्या खांद्यामागे उभा होता. घरी येऊन तिनं मला ते जसंच्या तसं ऐकवलं, चपला न काढता, दारातच.

"म्हणाला, तुम्ही ओठ हलवताय ते काय? मी म्हटलं, मोजतेय. कशाला? म्हटलं, वीस होईपर्यंत. तर म्हणतो, कागदावर कुठे आहे वीस?"

"मग?"

"म्हटलं, नाही कागदावर. तर म्हणे, मग थांबता कशासाठी?"

"मग सांगितलंस ना?"

"म्हटलं, सवय आहे." तिनं एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच ठेवून बाकावर बसली. "चौतीस वर्षांनंतर त्याला बारा सेकंद, सोळा सेकंद समजावत बसू? सकाळपासून सतरा प्रश्न झाले होते त्याचे. माझा गुडघा दुखत होता. म्हटलं सवय, तर त्यानं लिहून घेतलं. 'लेखी कार्यपद्धतीत नसलेली कृती केली जाते.' एवढ्या मोठ्या अक्षरात."

गंमत म्हणजे तो कागद अकरा वर्षांपूर्वी वन्संनंच लिहिला होता. तेव्हा जुनी पेटी होती, सुरू केल्या केल्या बोलणारी. नवी पेटी चार वर्षांपूर्वी आली, ही थांबायला लागली, आणि कागदात एक ओळ घालायची तेवढी राहून गेली. एक ओळ घालायला एक अर्ज, तीन सह्या आणि तीन महिन्यांतून एकदा बसणारी समिती लागते. थांबायला अर्ज लागत नव्हता, म्हणून ती नुसतीच थांबत राहिली.

प्रयोगशाळेचा प्रमुख तिच्याहून वीस वर्षांनी लहान. वन्संच्याच हाताखाली शिकला, मग तिच्या डोक्यावर बसला. ती त्याला धाकटा साहेब म्हणते, तो तिला ताई. माणूस वाईट नाही. तपासनीस गेल्यावर तो तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या बैठकीत बघू काय ते. तोवर कागदाप्रमाणे चालू दे. उगाच अजून एक शेरा नको."

"बरं," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं थांबणं सोडलं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की बाई घरातही कशासाठी थांबेनाशी झाली आहे. चहा मुरायच्या आत गाळायची. मी बोलत असताना उठून जायची. बसथांब्यावरून फोन करून "निघाले" म्हणायची, ते बंद केलं. एकदा मी म्हटलं, "तुला काही होतंय का?" तर म्हणाली, "दमलेय." मी म्हटलं, "दमलेली माणसं सावकाश चालतात. तू पळतेयस." ती तोवर जिना चढून वर गेली होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी म्हटलं, असेल ते. मला काय, मी भूगोलवाली.

त्या महिन्यात तिच्याकडे फक्त पेजरच आले होते. पेजर आता कोण वापरतं, असं मीही विचारलं. आग विझवणारे वापरतात. गावोगावी जे लोक आपापलं काम सांभाळून आगीला धावतात, त्यांच्या कमरेला तो असतो. मोबाइलचं जाळं बसलं तरी तो वाजतो. एका कारखान्यानं नवा पेजर बनवला होता. त्यातले चोवीस नमुने वन्संकडे आले. ते बारीक हाकेला जागे झाले आणि तिनं अहवालावर सही केली, की पुढचा सगळा माल निघणार. आणि सही करायचा अधिकार अख्ख्या प्रयोगशाळेत दोघांनाच होता. एक वन्सं, आणि दुसरा तिचा सहकारी, ज्याला सगळे जांभई म्हणतात. का, ते त्याला बघितल्यावर कळतं.

चोवीसच्या चोवीस पास झाले. वन्संनं सही केली.

सही केली तो गुरुवार होता. घरी येऊन ती जेवली नाही. मी घासत होते, ती फडकं हातात घेऊन नुसती उभी होती, आणि माझ्याकडे खरोखरच ढीग लागला.

"वन्सं, आकडे सांडायला लागलेत," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "वहिनी, ते पेजर फारच चांगले निघाले."

"मग चांगलंच झालं."

"इतके चांगले पेजर त्या बांधणीत होत नाहीत. मी आतून उघडून बघितलेत. साधा माल आहे. पण प्रत्येक जण हवं त्याहून बराच हळू आवाज ऐकतोय."

"मग तुझंच काही चुकलं असेल," मी सहज म्हटलं. मी असं सहज बोलते.

"आज सगळे गेल्यावर मी मीटर लावला. केबलच्या टोकाला, जिथून हाक बाहेर पडते तिथे. रोज सकाळी आम्ही तपासतो ते जनरेटरच्या स्वतःच्या सिग्नलवर तपासतो, बाहेरून आलेल्यावर नाही. आज बाहेरच्यावर लावला. पडद्यावर दिसते त्याच्यापेक्षा सहा डेसिबल जास्त होती हाक."

"सहा म्हणजे?"

"चौपट."

मी नळ बंद केला.

"पेटी सुरू केली आणि लगेच बटण दाबलं," ती म्हणाली. "कागदावर आहे तसं. त्यानं सोळा सेकंद ऐकलं. बारा सेकंद मौन, चार सेकंद बोलणं. त्याला वाटलं बाहेरून येणारी हाक खऱ्याच्या पाव आहे, म्हणून त्यानं चौपट वाढवली. मी म्हणत होते हळू बोल, आणि तो ओरडत होता. त्या ओरडण्याला चोवीस पेजर जागे झाले. बहिरा असता तरी झाला असता."

"मग सही काढून घे."

"काढतेच आहे. माल सोमवारी निघणार, उद्या सकाळी सांगणार. ते नाही."

"मग काय?"

ती कितीतरी वेळ तो एकच पेला पुसत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"चौपट आहे हे?"

"आकडा नव्हता ठाऊक. पण न थांबता दाबलं तर पातळी चुकणार हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? रोज सकाळी पेटी सुरू करायची आणि लगेच बटण दाबायचं, दाबताना वाटायचं, घ्या, कागदाप्रमाणे. तुम्हाला हवं होतं ना, घ्या. मग दिवसभर आकडे चांगले यायचे आणि मी त्यांच्याकडे नीट बघायचीच नाही."

"धाकट्या साहेबाला बोलली होतीस? की असं केलं तर चुकेल म्हणून?"

"नाही."

"का?"

"त्यानं विचारलं नाही."

मी तिला बरंच बोलले त्या दिवशी. सगळं इथे लिहीत नाही. तात्पर्य हे, की बाई, तू दहा वर्षांची असताना भर पाहुण्यांत न विचारता तोंड उघडलंस, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसलीस. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "झालं? आता ती कढई दे."

शुक्रवारी तिनं धाकट्या साहेबाला सांगितलं. त्यानं आधी डोकं धरलं, मग कारखान्याला फोन केला. माल थांबला. शनिवार-रविवार ती त्या पत्र्याच्या खोलीत होती. चोवीसही पेजर पुन्हा, या खेपेला वीस मोजून, आणि प्रत्येक वेळी मीटर लावून. रविवारी दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले. त्यांच्याकडे मला आत सोडत नाहीत, म्हणून चौकीवर ठेवला आणि परत आले. संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"किती?" मी विचारलं.

"बावीस पास. दोन बहिरे."

"दोनच?"

"दोन. अगदी थोड्यानं. पण बहिरे." तिनं डबा माझ्या हातात दिला. अर्धा तसाच होता. "चोवीसातले दोन म्हणजे हजारातले किती, ते तू काढ. तुला गणित येतं."

कारखान्यानं एक भाग बदलायचं कबूल केलं. म्हणजे ती बाजू मिटली. कुणाचं घर जळलं नाही, कुणाला काही कळलंसुद्धा नाही. राहिला एक फॉर्म.

चूक झाली की तिथे एक फॉर्म भरावा लागतो. काय घडलं, केव्हा लक्षात आलं, काय दुरुस्ती केली, आणि एक रकाना: कारण. बोटभर उंचीचा, दोन ओळींचा. बाकीचे रकाने तिनं सोमवारी सकाळीच भरले. तो एक कोरा ठेवला.

धाकटा साहेब म्हणाला, "ताई, इथे लिहा, 'कार्यपद्धतीत थांबण्याची पायरी नव्हती.' संपलं. खरंच आहे ना ते?"

"खरं आहे," ती म्हणाली.

"मग लिहा. समिती पायरी घालेल, फॉर्म बंद होईल. आठ महिन्यांत तुम्ही सुटताय. कशाला ओढून घ्यायचं?"

तिनं फॉर्म पिशवीत घातला आणि घरी आणला. तसं आणायची परवानगी नसते. ते वीस सेकंद सोडले तर तिनं आयुष्यात मोडलेला हा बहुधा एकमेव नियम.

तिथला नियम असा, की नकळत चूक झाली तर दुरुस्ती करायची आणि पुढे जायचं. पण माहीत असून केली, तर सहीचा अधिकार जातो. कायमचा. उरलेले आठ महिने चाचण्या तीच करणार, आणि खाली सही जांभई करणार. हे ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच ना? मलाही वाटलं. मी ते बोललेही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी शब्द परत घेतला, आणि मी सहसा घेत नाही. चौतीस वर्षं ती अहवालाखाली सही करत आली होती. पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता. अहवाल इथून कुठेकुठे जातात. तिथे कुणी या बाईला पाहिलेलं नाही, पण ती सही ओळखतात. घराच्या कागदांवर तिचं नाव नाही, दारावरच्या पाटीवर अजून तिच्या दादाचंच आहे. ती सहीच काय ती तिची.

म्हणून मी तिला सांगितलं, साहेब म्हणतो तेच लिही. मी हे लपवत नाही. मंगळवारी सकाळी चहाला आम्ही यावर भांडलो.

"खोटं आहे का ते?" मी म्हटलं. "पायरी नव्हतीच कागदात."

"नव्हती."

"मग?"

"चार वर्षं नव्हती. चार वर्षं चूक झाली नाही. मग ते कारण कसं?"

"हे तर्कशास्त्र घरात ठेव. तुला शिक्षा करून घ्यायची हौस आली आहे."

"हौस नाही गं." तिनं चहाच्या कपावर दोन्ही हात ठेवले. "मला कंटाळा आलाय, वहिनी. खरंच सांगते. साहेबाचं वाक्य लिहिलं तर सोपं आहे, मला ते लिहायचंच होतं, पेन उघडलं होतं. पण मग मला ते सांभाळत बसावं लागेल. आठ महिने कुणी त्या पेजरांबद्दल बोललं की मी म्हणायचं, हो ना, पायरीच नव्हती. एवढं रेटायला आता अंगात जोर नाही."

मी म्हटलं, "कर काय करायचं ते."

तिनं तिथेच, चहाच्या कपाशेजारी, रकाना भरला. मी चष्मा लावून वाचला. "थांबायला हवं हे मला माहीत होतं. त्यावरून शेरा आला म्हणून मी मुद्दाम थांबले नाही, व कोणाला सांगितले नाही." दोन ओळींत बरोबर मावलं. खाली पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता.

पुढच्या आठवड्यात तिचा अधिकार गेला. धाकट्या साहेबानं पत्र स्वतः आणून दिलं आणि तिच्याकडे बघितलं नाही. पण तिला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. फॉर्म संगणकात चढवताना कारणाच्या जागी तीनच पर्याय असतात: यंत्र, कार्यपद्धती, मानवी चूक. कारकुनानं तिसरा निवडला. तिचं वाक्य कुठेच चढलं नाही. ती कारकुनाकडे जाऊन म्हणाली, "चूक नव्हती ती." तो बिचारा म्हणाला, "बाई, चौथा पर्याय नाहीये." घरी येऊन ती मला म्हणाली, "एवढं करून 'मानवी चूक'. हे मी तशीही लिहू शकले असते." मी म्हटलं, "मी सांगत होते." तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

समितीनं कागदात पायरी घातली. "पेटी सुरू केल्यानंतर किमान वीस सेकंद थांबावे." का थांबावे, ते नाही. वन्संनं कारणही लिहून दिलं होतं, ते लांबतंय म्हणून काढलं.

ते आठ महिने गेले कसेबसे. ती रोज जायची, पत्र्याचं दार ओढायची, केबल लावायची, वीस मोजायची, चाचणी करायची, आणि अहवाल जांभईच्या टेबलावर ठेवायची. तो न वाचता सही करायचा. हे तिला जाचायचं. "निदान वाच तरी," असं ती म्हणायची, तर तो म्हणायचा, "ताई, तुम्ही केलंय म्हटल्यावर काय वाचायचं." कौतुकच होतं ते, पण तिला टोचायचं.

शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा होता आणि घरच्यांना बोलावलं होतं. घरचे म्हणजे मी. साडेतीनची वेळ. मी सव्वातीनला पोचले, कारण मी पोचते. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, धाकटा साहेब हातात भाषणाचा कागद घेऊन येरझाऱ्या घालत होता, आणि जिचा निरोप ती गायब. पावणेचार झाले. चहा किटलीत गार झाला. चार झाले. मी म्हटलं, "अहो, मी बघून येऊ का?" तो म्हणाला, "आत सोडत नाहीत, मावशी." मी म्हटलं, "आज सोडतील." आणि गेले.

पत्र्याचं दार उघडं होतं. हे कधी होत नाही. आत वन्सं स्टुलावर, आणि शेजारी जांभई, बाह्या वर केलेला, चक्क जागा. समोर जनरेटर, त्याच्या पाठीला ती करडी केबल, टोकाला मीटर. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर तिनं एक आडवी रेघ ओढली होती आणि तिचे चार भाग पाडले होते: तीन मौनाचे, एक बोलण्याचा.

"निरोप तुझा आहे," मी दारातून म्हटलं. "लोक ताटकळलेत."

"वहिनी, दोन मिनिटं."

"चार वाजून गेले."

जांभई माझ्याकडे वळला. खजील झाला होता. "माझ्यामुळे झालं, मावशी. उद्यापासून हे मीच लावणार. मी ताईंना नुसतं विचारलं, वीसच का? दहा का नाही?"

मी वन्संकडे बघितलं. कधी नव्हे ते तिच्या कपाळावर एकही आठी नव्हती. डोळे मात्र सुजलेले होते, ते नेहमीचंच.

"तपासनिसानंही हेच विचारलं होतं," ती मला म्हणाली. "तेव्हा मी म्हटलं सवय."

"ठाऊक आहे. मी दारात उभी राहून ऐकलंय."

"बस ना मग. तिथे स्टूल आहे."

मी बसले. माझं डोकं उठणार हे मला माहीत होतं. तिनं पेटी सुरू केली, जांभईचा हात बटणाकडे गेला तशी त्याच्या मनगटावर हलकेच एक चापट मारली, आणि म्हणाली, "आता आधी चुकीचं करून दाखवते. मीटरकडे बघ. मग मोजू."